१२० हर्ट्झचा पडदा आणि २४ फ्रेमचा चित्रपट

‘१२० हर्ट्झच्या पडद्यावर गेम आणि चित्रपट दुप्पट सफाईदार दिसतात,’ असा संदेश बरीच वर्षे फिरतो आहे; तुलना ६० हर्ट्झच्या पडद्याशी. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र नव्याने दाखवतो तो आकडा, आणि फ्रेम म्हणजे त्यातले एकेक स्थिर चित्र. गेमपुरते ते अटीसह खरे आहे: ग्राफिक्स कार्ड सेकंदाला साठच फ्रेम देत असेल, तर पडदा प्रत्येक फ्रेम नुसती दोनदा दाखवतो, गेममधला एफपीएसचा (सेकंदाला किती फ्रेम) आकडा सुरू केल्यास हे लगेच कळते.

चित्रपट मात्र बहुधा सेकंदाला २४ फ्रेमचाच असतो. साठला चोवीसने पूर्ण भाग जात नसल्याने ६० हर्ट्झवर एक फ्रेम दोनदा तर पुढची तीनदा दिसते, आणि कॅमेरा संथपणे सरकताना चित्र किंचित अडखळते; १२० वर प्रत्येक फ्रेम सारखी पाच वेळा येते, एवढाच (माझ्या मते मोलाचा) फायदा. चित्रपट दैनंदिन मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागला, तर टीव्ही दोन फ्रेमच्या मधल्या फ्रेम स्वतःच रचत असण्याची शक्यता मोठी. ही सोय, म्हणजे मोशन स्मूदिंग, बंद करून तेच दृश्य पुन्हा पाहावे.