पेटकोकच्या राखेतला व्हॅनेडियम

क्रूडमधून, म्हणजे कच्च्या तेलातून, पेट्रोल, डिझेल वगैरे सगळं काढून झालं की तळाला डांबरासारखा जो गाळ उरतो तो कोकर नावाच्या भट्टीत ५०० अंशांच्या आसपास तापवतात आणि त्याचा पेटकोक होतो. दिसतो कोळशासारखाच, पण यात व्हॅनेडियम आणि निकेल हे धातू असतात, आणि ते तिथे आले कसे हे मला सगळ्यात भारी वाटतं. १९३० च्या दशकात आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन केमिस्टने दाखवलं की क्रूडमध्ये पोर्फिरिन नावाचे रेणू आहेत, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या क्लोरोफिलचे अवशेषच, फक्त मधलं मॅग्नेशियम जाऊन तिथे व्हॅनेडियम नाहीतर निकेल बसलंय. हे रेणू जड, वाफ होऊन वर जात नाहीत, त्यामुळे सगळा धातू तळाशीच साठतो.

मग हा धातू काढून घ्यायला कोक दळून सरळ अ‍ॅसिडमध्ये टाकला तर? फारसं हाती लागत नाही. धातू कार्बनच्या आत गाडला गेलेला असतो आणि अ‍ॅसिड वरवरच फिरतं. म्हणून आधी कोक जाळायचा, कार्बन उडून जातो, राख जेमतेम टक्काभर उरते पण कोकमध्ये पीपीएममध्ये (दहा लाखात किती भाग) मोजावा लागणारा व्हॅनेडियम आता राखेत थेट टक्क्यांमध्ये असतो. फक्त भट्टीचं तापमान सांभाळायला लागतं, कारण व्हॅनेडियम पेंटॉक्साइड, म्हणजे व्हॅनेडियमचं ऑक्साइड, ७०० अंशांच्या आतच वितळतं, राखेचे गोळे होतात, बॉयलरच्या नळ्याही खाल्ल्या जातात.

आता लीचिंग, म्हणजे राखेतला धातू द्रावणात विरघळवून काढणं. सल्फ्युरिक अ‍ॅसिड वापरलं तर व्हॅनेडियम, निकेल दोन्ही विरघळतात, पण लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियमही सोबत येतं आणि पुढे ते वेगळं करत बसायचं. द्रावण निळं असेल तर व्हॅनेडियम +४ ऑक्सिडेशन अवस्थेत, पिवळं झालं तर +५, डोळ्यांनाच कळतं. माझ्या मते कॉस्टिक सोडा जास्त शहाणा, तो मुख्यतः व्हॅनेडियम उचलतो आणि निकेल मागच्या चोथ्यात ठेवतो, ते नंतर अ‍ॅसिडने काढता येतं. सोड्याच्या द्रावणाचा पीएच ८-९ वर आणून अमोनियम क्लोराइड घातलं की अमोनियम मेटाव्हॅनेडेटची पांढरी भुकटी खाली बसते, ती भाजली की केशरी पेंटॉक्साइड तयार. पुढे ते स्टीलमध्ये जातं, व्हॅनेडियम फ्लो बॅटरीत, म्हणजे द्रावणात वीज साठवणाऱ्या बॅटरीत जातं.

आणि हे नाहीच काढलं तर राखेचा ढीग उघड्यावर पडतो, त्यातला विरघळणारा व्हॅनेडियम विषारी असतो, आणि मग लीचिंग पाऊसच करतो, हळूहळू, थेट जमिनीत.