शिडाची फडफड
(छोट्या होडीचे मुख्य शीड)

वाऱ्याच्या झोतात शिडाचे कापड, विशेषतः त्याची कड, वेगाने थरथरणे. छोट्या होडीच्या मुख्य शिडात ही थरथर डोलकाठीलगतच्या पुढच्या कडेला किंवा मागच्या मोकळ्या कडेला दिसते. दोन्हींची कारणे निराळी आहेत. म्हणून फडफड नेमकी कोठे होते हे आधी पाहावे आणि मगच दोर ओढावा.

फडफडीच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रेली यांनी १८७८–७९ च्या सुमारास ध्वज व शिडे यांच्या हेलकाव्यांचा संबंध हवेच्या प्रवाहातील अस्थिरतेशी जोडला. काठीमागून सुटणारे भोवरे कापड हलवतात, असेही स्पष्टीकरण दिले जाते. जपानी संशोधक तानेदा यांनी ध्वजांवर केलेले प्रयोग १९६८ मध्ये प्रसिद्ध झाले. आर्जेन्टिना व महादेवन या संशोधकांच्या २००५ च्या विवेचनात कापडाचे जडत्व, वाकण्याला होणारा त्याचा विरोध आणि हवेचा दाब यांच्या परस्परक्रियेला महत्त्व दिले आहे. शिडाच्या बाबतीत हे मत अधिक ग्राह्य वाटते. कारण डोलकाठी जागच्या जागी असतानाही मागच्या कडेत बॅटन (लवचिक पट्टी) घालून कापड ताठ केले की थरथर बरीच कमी होते.

पुढची कड फडफडत असेल, तर बूम (शिडाच्या तळाची आडवी काठी) जास्त सैल सुटलेला असतो किंवा होडी वाऱ्याच्या रोखाने फार वळलेली असते. बूमचा दोर (मेनशीट) कड हलू लागेपर्यंत सोडावा आणि थरथर थांबेल इतकाच परत ओढावा. कधी दोष पुढच्या छोट्या शिडाचा, म्हणजे जिबचा असतो. जिब फार आवळला की मुख्य शिडाची पुढची कड आत दबते. दोन शिडांमधल्या फटीतून वारा वेगाने घुसतो व मुख्य शिडाला बळ देतो, हे जुने स्पष्टीकरण अजूनही ऐकू येते. आर्व्हेल जेन्ट्री या विमानविद्यातज्ज्ञाने १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ते खोडून काढले. जिबमुळे मुख्य शिडाच्या पुढच्या भागावरील वाऱ्याचा वेग उलट घटतो, असे त्याने दाखवले. त्यामुळे अशा वेळी जिब थोडा सैल करणेच योग्य.

मागची कड डोलकाठीच्या टोकापासून बूमच्या टोकापर्यंतच्या सरळ रेषेबाहेर फुगीर कापलेली असते; हा फुगीर भाग बॅटनच्या आधाराने उभा राहतो. बॅटन तुटली, खिशात सैल बसली किंवा पॉलिएस्टरचे कापड जुने होऊन ताणले गेले की कड थरथरते. बूम वर उचलला जात असेल, तर तो खाली खेचणारा दोर (व्हँग) आवळावा. कडेच्या शिवणीतून ओवलेली बारीक दोरी सर्वांत शेवटी, थरथर थांबण्यापुरतीच ताणावी. ती जास्त ताणल्यास कड वाऱ्याच्या बाजूला आकड्यासारखी वळते, होडी अधिक कलते व सुकाणू जड होते. दीर्घकाळ फडफड चालू राहिल्यास शिवण उसवते आणि कापडाचा ताठपणा जातो.

समतोल ओळखण्यासाठी बॅटनच्या टोकांशी लोकरीचे धागे बांधतात. सर्वांत वरचा धागा बहुतेक वेळ मागे सरळ उडावा आणि अधूनमधून शिडाआड जावा. तो सतत शिडाआड राहत असेल, तर मेनशीट फार आवळलेले आहे.

सातारा जिल्ह्यातील कोयनेच्या शिवसागर जलाशयावर तापोळा, बामणोली येथे मुख्यतः यंत्रचलित लाँच चालतात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावावर (बांधकाम १८४२ च्या सुमारास) वल्ह्यांच्या होड्या दिसतात. उगमापासून हेळवाकपर्यंत कोयना सह्याद्रीला समांतर, दक्षिणेकडे वाहते, त्यामुळे जलाशय मुख्य रांगेच्या पूर्वेस, डोंगराच्या आडोशाला येतो. पश्चिमेचा वारा कडा ओलांडून खाली उतरताना झुळकीझुळकीने येतो व दिशा बदलतो. अशा पाण्यावर धाग्याच्या एखाद्या हेलकाव्यावरून दोर ओढू नये. काही झुळकी जाऊ द्याव्यात आणि मेनशीट हातातच धरावे, गाठ मारून बांधू नये.