तान्ह्याच्या हिरडीवरची गाठ: जन्मतः होती की मागून आली?

तान्ह्या बाळाच्या वरच्या हिरडीवर पुढे गाठ दिसली की केसपेपरवर ‘इप्युलिस’ लिहून मोकळं व्हायचं, ही सवय मला मनापासून खटकते. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ ‘हिरडीवरचं’, एवढाच. त्यातून जागा कळते, आजार कळत नाही.

कॉन्जेनिटल इप्युलिस, म्हणजे बाळ जन्मतःच घेऊन येतं ती हिरडीवरची साधी गाठ, तुम्हाला ठाऊकच आहे. १८७१ साली जर्मन डॉक्टर नॉयमनने नोंदवलेली, मुलींमध्ये कितीतरी जास्त, गुळगुळीत, गुलाबी, बहुधा देठाची. दूध ओढता येत नसेल तर देठापाशी कापायची. लहान असेल तर थांबलं तरी चालतं. काही आपोआप आक्रसतात. थोडी राहिली तरी पुन्हा वाढत नाही, तेव्हा खरवडत बसू नका, खाली दुधाच्या दातांचे कोंब आहेत.

घोळ होतो तो मेलॅनोटिक न्यूरोएक्टोडर्मल ट्यूमर ऑफ इन्फन्सीशी, म्हणजे तान्हेपणी होणाऱ्या, आत काळं रंगद्रव्य असलेल्या गाठीशी. हंगेरियन डॉक्टर क्रोम्पेखरने १९१८ साली वर्णन केलेली ही गाठही बहुतेक वेळा साधीच, कॅन्सर नव्हे. पण हाड पोखरते, दाताचा कोंब ढकलते आणि बघता बघता ओठ उचलून धरते. ‘काळीनिळी असते’ एवढंच पाठ करू नका. रंग आतल्या मेलॅनिनचा, म्हणजे त्याच काळ्या रंगद्रव्याचा. वरची हिरडी गुलाबीच दिसू शकते.

म्हणून रंगाआधी काळ विचारा. इप्युलिस जन्मतःच असते आणि जन्मानंतर सहसा वाढत नाही. ही दुसरी, मेलॅनोटिक गाठ बहुधा पहिल्या काही महिन्यांत उगवते आणि आठवड्यागणिक वाढते. आई ‘पहिल्यापासून आहे’ म्हणाली तरी तेवढ्यावर थांबू नका; बारशाआधीचे, रडताना तोंड उघडलेले फोटो मोबाइलवर असतातच, ते मागा. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या आजीला विचारा. क्वचित ही मेलॅनोटिक गाठसुद्धा जन्मतः दिसते. तेव्हा वाढीचा वेगच खरं सांगतो. वाढणाऱ्या गाठीला ‘दात येतोय, दोन महिन्यांनी दाखवा’ हे उत्तर मला अजिबात मान्य नाही.



वाढती गाठ असेल तर सीटी स्कॅन, तुकडा तपासणी आणि भोवतालच्या थोड्या हाडासकट शस्त्रक्रिया. लघवीतलं व्हीएमए (व्हॅनिलिलमँडेलिक ॲसिड, अशा गाठींत वाढू शकणारं एक द्रव्य) काही बाळांत वाढतं. नॉर्मल आलं म्हणून गाठ नाकारू नका. ही गाठ परत येऊ शकते, आणि आलीच तर बहुधा लवकर येते. पहिलं वर्ष बाळाला वरचेवर बोलवा आणि दर वेळी हिरडीवरून बोट फिरवून पाहा.