अंडरवॉटर मॉर्गेज : अमेरिकेतील घरबाजाराची पडझड, 2006–2012

घरावरच्या कर्जाची शिल्लक त्या घराच्या बाजारभावाहून जास्त झाली, की अमेरिकेत त्या कर्जाला 'अंडरवॉटर मॉर्गेज' म्हणतात. अशा वेळी घर विकले तरी कर्ज फिटत नाही, वरची रक्कम पदरची घालावी लागते. अशी थोडीफार घरे कोणत्याही काळात असतातच. पण 2006 नंतर भाव कोसळले आणि ही अपवादाची गोष्ट घरोघरची झाली. मालमत्ता बाजाराची माहिती ठेवणाऱ्या कोअरलॉजिक या कंपनीच्या मोजणीप्रमाणे 2009 च्या अखेरीस सुमारे 1 कोटी 13 लाख घरांची ही गत झाली होती. कर्ज असलेल्या घरांचा हा जवळजवळ चौथा हिस्सा होता. नेव्हाडा राज्यात हे प्रमाण 70 टक्के, ॲरिझोनात 51, फ्लोरिडात 48, मिशिगनमध्ये 39 आणि कॅलिफोर्नियात 35 टक्के होते.

फुगा कसा भरला

डॉट-कॉम कंपन्यांचे शेअर कोसळल्यावर फेडरल रिझर्व्ह या अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर उतरवत नेले आणि जून 2003 ते जून 2004 या काळात ते 1 टक्क्यावर ठेवले. कर्ज स्वस्त झाले, पण तेवढ्याने फुगा झाला नसता. खरी गडबड कर्ज देणाऱ्याच्या जबाबदारीत होती. कर्ज देणारी कंपनी ते स्वतःकडे ठेवत नव्हती. हजारो कर्जांची मोट बांधून वॉल स्ट्रीटवरच्या बँका त्यावर रोखे काढत आणि ते जगभर विकत. कर्जदार हप्ते भरील की नाही याची काळजी मूळ कर्ज देणाऱ्याला उरली नाही. त्याची कमाई कर्ज मंजूर होताच हातात पडत होती.

मग उत्पन्नाचे कागद न पाहता कर्जे सुटली. पहिली दोन वर्षे कमी व्याज आणि पुढची 28 वर्षे चढे, बदलते व्याज असे 'टू-ट्वेंटीएट' कर्ज पतहीन ग्राहकांच्या गळ्यात मारले गेले. 'ऑप्शन आर्म' हा प्रकार त्याहून घातक होता. त्यात ग्राहक व्याजापेक्षाही कमी हप्ता भरू शकत होता. न भरलेले व्याज मुद्दलात चढत जाई आणि दर महिन्याला पैसे भरूनही कर्ज वाढतच राही. दोन वर्षांनी भाव वाढलेला असेल, तेव्हा नवे कर्ज काढून जुने फेडू, या एका गृहीतकावर हे सगळे उभे होते. देशभर एकाच वेळी घरांचे भाव पडल्याचे कधी झालेले नाही, असे बेन बर्नान्की यांनी 2005 च्या जुलैत सांगितले होते. तेव्हा ते राष्ट्राध्यक्षांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे अध्यक्ष होते आणि पुढच्याच वर्षी फेडरल रिझर्व्हचे प्रमुख झाले. खरे तर 1930 च्या महामंदीत भाव देशभर पडले होते.

अमेरिकन कुटुंबांवरचे एकूण कर्ज 2000 मध्ये सुमारे 7 लाख कोटी डॉलर होते. ते 2007 पर्यंत दुप्पट झाले. यातले सगळे घर घेण्यासाठी नव्हते. वाढलेल्या किमतीवर दुसरे कर्ज काढून लोकांनी गाडी घेतली, मुलांची कॉलेजची फी भरली, दवाखान्याची बिले चुकती केली. त्यामुळे वीस-वीस वर्षे जुनी घरेही पुढे कर्जाखाली दबली.

हिशेब

ही कोंडी आकड्यांत पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. लास व्हेगासमध्ये 2006 च्या उन्हाळ्यात 3,00,000 डॉलरला घेतलेले एक घर उदाहरणादाखल घेऊ. त्या काळी सर्रास चालणाऱ्या पद्धतीप्रमाणे खिशातून एकही डॉलर न घालता 2,40,000 चे पहिले कर्ज 30 वर्षांसाठी 6 टक्क्यांनी, आणि उरलेल्या 60,000 साठी फक्त व्याज भरायचे दुसरे कर्ज. पहिल्या कर्जाचा हप्ता 1,439 डॉलर. मालकाने पाच वर्षे एकही हप्ता चुकवला नाही, तर 2011 च्या उन्हाळ्यात पहिल्या कर्जाचे 2,23,330 आणि दुसऱ्याचे 60,000 मिळून सुमारे 2,83,000 डॉलर शिल्लक राहतात. पुढच्या हप्त्यातले 1,117 डॉलर व्याजात जातात आणि मुद्दल फिटते 322 डॉलरचे.

घरांच्या भावांचा माग ठेवणाऱ्या केस-शिलर निर्देशांकाप्रमाणे तोवर लास व्हेगासमधले भाव 2006 च्या शिखरापासून 58 टक्क्यांच्या आसपास पडले होते. म्हणजे त्या घराचे सुमारे 1,26,000 डॉलर आले असते. देणे आणि किंमत यांतली दरी 1,57,000 डॉलरची. पाच वर्षे इमानाने हप्ते भरणाऱ्या माणसाची ही स्थिती. अमेरिकेतल्या वीस मोठ्या शहरांचा एकत्र विचार केला तर भाव 2006 ते 2012 च्या सुरुवातीपर्यंत साधारण एक तृतीयांशाने उतरले. फिनिक्स आणि मायामीत ते निम्म्याहून कमी झाले.

घर सुटत नाही, नोकरी सुटते

कर्ज किमतीपेक्षा जास्त आहे एवढ्यावरून कुणी रस्त्यावर येत नाही. हप्ता भरता येतो तोवर माणूस त्याच घरात राहतो. नोकरी जाणे, आजारपण किंवा घटस्फोट असा दुसरा धक्का बसला की मात्र सुटकेची वाट उरत नाही. एरवी अशा वेळी घर विकून, कर्ज फेडून, उरलेले पैसे घेऊन भाड्याच्या घरात जाता येते. इथे विकणेच बंद. व्याजदर उतरले तरी कर्ज बदलून घेता येत नाही, कारण तारण अपुरे पडते. ऑक्टोबर 2009 मध्ये देशातली बेरोजगारी 10 टक्क्यांवर पोचली, नेव्हाडात ती पुढे 13 टक्क्यांच्या वर गेली. जिथे घरे सर्वांत जास्त दबली होती, तिथेच बांधकाम थांबून कामेही सर्वांत जास्त गेली.

एच-1बी व्हिसावर गेलेल्या भारतीय कुटुंबांची, त्यांत मराठी कुटुंबेही आली, अडचण निराळीच होती. आज नोकरी गेल्यावर दुसरी शोधायला मिळणारी 60 दिवसांची मुदत 2017 मध्ये आली. त्याआधी नोकरीबरोबर देशात राहण्याचा आधारही जाई, आणि ज्याने घर घेतले असेल त्याच्या मागे न विकले जाणारे घर राही.

2010 या एका वर्षात 28 लाखांहून अधिक घरांवर जप्तीच्या नोटिसा लागल्या. जप्तीतले घर लिलावात पडत्या भावाने जाई आणि शेजारच्या घरांचे मोल ठरवताना तोच भाव धरला जाई. त्यामुळे हप्ते वेळेवर भरणारा शेजारीही खाली ओढला जाई. मालमत्ता कराचे उत्पन्न आटल्याने नगरपालिकांचे कंबरडे मोडले. कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टन शहराने जून 2012 मध्ये दिवाळे जाहीर केले. जप्तीच्या प्रमाणात देशात आघाडीवर असलेल्या शहरांपैकी ते एक होते.

चावी परत देणे

कॅलिफोर्निया, ॲरिझोना अशा काही राज्यांत घरखरेदीच्या मूळ कर्जाला बहुतांशी घराचेच तारण असते. मालकाने हप्ते थांबवले तर बँकेने घर घ्यावे, पगारावर वा बचतीवर हात टाकता येत नाही. फ्लोरिडासारख्या राज्यांत लिलावानंतर उरलेली रक्कमही वसूल करता येते. ऐपत असूनही हिशेब करून हप्ता थांबवणाऱ्यांवर त्या काळी फार टीका झाली. करार पाळणे ही नीतीची बाब आहे, असे बँकांचे प्रतिनिधी आणि मंत्री सांगत होते.

पण लोक मुळात एवढ्या सहजासहजी घर सोडत नव्हते. फेडरल रिझर्व्हच्या अर्थतज्ज्ञांनी 2010 मध्ये ॲरिझोना, कॅलिफोर्निया, फ्लोरिडा आणि नेव्हाडातली कर्जे तपासली. ऐपत असलेला मधला कर्जदार तूट घराच्या किमतीच्या 62 टक्क्यांवर जाईपर्यंत हप्ते सोडत नाही, असे त्यांना आढळले. 1,00,000 डॉलरच्या घरावर 1,62,000 चे कर्ज होईपर्यंत सामान्य माणूस भरत राहतो, असा त्याचा अर्थ. मुलांची शाळा, शेजार, अब्रू आणि पतनोंदीवरचा डाग ही सारी कारणे त्यामागे होती.

व्यापारी मालमत्तेत मात्र हाच हिशेब कुणाला लाज न वाटता केला गेला. टिशमन स्पायर आणि ब्लॅकरॉक या बड्या कंपन्यांनी 2006 मध्ये न्यूयॉर्कमधली स्टायव्हसंट टाउन ही प्रचंड वसाहत शेजारच्या पीटर कूपर व्हिलेजसह 5.4 अब्ज डॉलरला घेतली आणि जानेवारी 2010 मध्ये ती सावकारांच्या हवाली केली. गृहकर्ज देणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना असलेल्या मॉर्गेज बँकर्स असोसिएशनने वॉशिंग्टनमधले आपले मुख्यालय 2007 मध्ये 7 कोटी 90 लाख डॉलरला घेतले होते, त्यावर 7 कोटी 50 लाखांचे कर्ज होते. फेब्रुवारी 2010 मध्ये ती इमारत 4 कोटी 13 लाखांना विकली गेली. सामान्य कर्जदाराला नीतीचे धडे देणाऱ्या संघटनेची इमारतही कर्जाखाली गेली होती, ही गोष्ट या काळाच्या कोणत्याही नोंदीतून सुटता कामा नये.

मुद्दल कुणी सोडायचे

या संकटावरचा सरळ उपाय म्हणजे मुद्दलाचा काही भाग माफ करणे. लिलावात सावकाराच्या हाती निम्मेच येणार असेल, तर कर्ज घराच्या भावाएवढे करून मालकाला तिथेच राहू देण्यात दोघांचाही फायदा होता. तरी ते फारसे झाले नाही, आणि या संकटातले सर्वांत मोठे अपयश हेच म्हणावे लागेल.

कारणे मोट बांधण्याच्या पद्धतीतच होती. एका कर्जाचे मालक जगभर पसरलेले रोखेधारक, हप्ते गोळा करणारी कंपनी तिसरीच. त्या कंपनीला जप्तीच्या कामात शुल्क मिळे, कर्जाची नव्याने मांडणी करण्याचा खर्च मात्र तिच्याच अंगावर पडे. शिवाय दुसरे कर्ज अनेकदा मोठ्या बँकांच्या स्वतःच्या वह्यांत होते. पहिले कर्ज कमी करायचे तर दुसरे आधी बुडीत धरावे लागले असते, आणि त्याला बँका तयार नव्हत्या.

राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी 18 फेब्रुवारी 2009 रोजी ॲरिझोनातल्या मेसा येथे मदतीची योजना जाहीर केली. तिच्यातल्या 'हॅम्प' या भागात हप्ता उत्पन्नाच्या 31 टक्क्यांपर्यंत खाली आणायचा होता. 30 ते 40 लाख कुटुंबांना दिलासा देण्याचे उद्दिष्ट होते, प्रत्यक्षात 2016 च्या अखेरीस योजना संपली तेव्हा कायमस्वरूपी फेरमांडणी त्याच्या जेमतेम निम्म्या कुटुंबांना मिळाली होती. हप्ता उतरला, पण बहुतेकांचे मुद्दल तसेच राहिले. 'हार्प' ही कर्ज बदलून देणारी योजना सुरुवातीला घराच्या किमतीच्या 105 टक्के, मग 125 टक्के कर्जापर्यंतच लागू होती, त्यामुळे नेव्हाडातल्या सर्वाधिक गरजूंना ती उपयोगाची नव्हती. 2011 च्या अखेरीस ही मर्यादा काढल्यावर तिचा खरा लाभ दिसू लागला. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन गृहवित्त संस्था सप्टेंबर 2008 पासून सरकारी देखरेखीखाली होत्या. त्यांच्या कर्जांत मुद्दलमाफी द्यावी असा अर्थखात्याचा आग्रह असतानाही देखरेख प्राधिकरणाचे प्रभारी संचालक एडवर्ड डीमार्को यांनी जुलै 2012 मध्ये नकार दिला.

न वाचता जप्तीच्या कागदांवर सह्या ठोकल्याचे प्रकरण 2010 मध्ये उघड झाले. त्यातून फेब्रुवारी 2012 मध्ये पाच मोठ्या कर्जसेवा कंपन्या आणि 49 राज्ये यांच्यात 25 अब्ज डॉलरची तडजोड झाली. मुद्दलमाफीची काही तरतूद तिच्यात होती.

सर्वांत धीट प्रयत्न कॅलिफोर्नियातल्या रिचमंड या कामगारवस्तीच्या शहराने केला. महापौर गेल मॅक्लॉफ्लिन यांनी 2013 मध्ये भूसंपादनाचा अधिकार जमिनीऐवजी कर्जांवर वापरायचे ठरवले. शहराने 600 हून अधिक कर्जे त्यांच्या बाजारभावाने विकत घ्यायची, न दिल्यास सक्तीने संपादित करायची, आणि मालकांना घराच्या आजच्या किमतीएवढे नवे कर्ज मिळवून द्यायचे, अशी ती योजना. रोखेधारकांच्या वतीने बँका कोर्टात गेल्या, शहराला रोख्यांवर कर्ज मिळणे कठीण झाले आणि योजना बारगळली.

इतरत्र

ब्रिटनमध्ये 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला दहा लाखांहून अधिक कुटुंबे याच फेऱ्यात सापडली होती. आयर्लंडमध्ये 2007 नंतर भाव निम्म्यावर आले. तिथे चावी परत देऊन सुटका नव्हती आणि दिवाळखोरीचा काळ 12 वर्षांचा होता, 2012 च्या कायद्याने तो 3 वर्षांवर आणला. स्पेनमध्ये घर गेल्यावरही कर्ज मागे लागे. त्याविरुद्ध 2009 मध्ये बार्सिलोनात उभ्या राहिलेल्या चळवळीच्या नेत्या आदा कोलाउ 2015 मध्ये त्या शहराच्या महापौर झाल्या.

भारतात रिझर्व्ह बँकेने 30 लाखांपर्यंतच्या गृहकर्जाला घराच्या किमतीच्या 90 टक्के, 75 लाखांपर्यंत 80 आणि त्यावर 75 टक्के अशी कमाल मर्यादा घातली आहे. त्यामुळे भाव थोडे उतरले तरी कर्ज त्यांच्या आत राहते. मात्र कर्जदाराची जबाबदारी इथे वैयक्तिक असते. बँकांना कोर्टात न जाता तारण विकू देणाऱ्या सरफेसी कायद्याने घर लिलावात गेल्यावरही उरलेली बाकी बँक वसूल करू शकते.

सावरणे कुणाचे

अमेरिकेतले भाव 2012 च्या सुरुवातीला तळाला लागले आणि 2016 मध्ये देशाच्या सरासरीने 2006 चे शिखर पुन्हा गाठले. ज्यांनी कशीबशी तग धरली त्यांचे नुकसान कागदावरच राहून भरून निघाले. जप्ती झालेल्यांचे तसे झाले नाही. जप्तीची नोंद पतअहवालात सात वर्षे राहते, त्यामुळे भाव तळाला असताना त्यांना नवे कर्ज मिळाले नाही. त्या काळात घरे घेतली ती रोख पैसेवाल्यांनी. ब्लॅकस्टोन या गुंतवणूक संस्थेच्या इन्व्हिटेशन होम्स या कंपनीने 2012 मध्ये फिनिक्समधून सुरुवात करून हजारो घरे घेतली आणि ती भाड्याने दिली. स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण 2004 मध्ये 69 टक्क्यांवर गेले होते, 2016 च्या मध्यावर ते 62.9 टक्के होते. प्यू संशोधन केंद्राच्या हिशेबाप्रमाणे 2005 ते 2009 या चार वर्षांत मधल्या गोऱ्या कुटुंबाची संपत्ती 16 टक्क्यांनी घटली, कृष्णवर्णीय कुटुंबाची 53 टक्क्यांनी आणि हिस्पॅनिक कुटुंबाची 66 टक्क्यांनी. या दोन समाजांतल्या कुटुंबांची बहुतेक सारी पुंजी घरातच होती, आणि पतहीनांसाठीची महागडी कर्जे त्यांच्याच वस्त्यांत सर्वाधिक खपवली गेली होती.