एचआयव्हीचा परदेशी निधी मुंबईत एका आराखड्यात कसा आला

1986 मध्ये चेन्नईत एचआयव्हीची देशातली पहिली नोंद झाली. 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, उभी राहिली आणि जागतिक बँकेच्या 8 कोटी 40 लाख डॉलरच्या कर्जावर कार्यक्रमाचा पहिला टप्पा सुरू झाला. पैसा होता, पण तो राज्याच्या तिजोरीतून यायचा. मंजुऱ्यांच्या फेऱ्यांत वर्ष सरायचं, आणि गुप्तरोग दवाखान्याला किट हवे असत तेव्हा फाईल मंत्रालयात असायची.

त्यावरचा उपाय म्हणजे स्वतःचं बँक खातं असलेली नोंदणीकृत संस्था. हा प्रयोग तमिळनाडूने 1994 मध्ये आधी केला. दुसऱ्या टप्प्यात, 1999 पासून, तो देशभर लागू झाला. मुंबई, चेन्नई आणि अहमदाबाद या शहरांना राज्यापासून वेगळ्या संस्था मिळाल्या. मुंबई जिल्हे एड्स नियंत्रण संस्था 1998 ची. तिचं आणि राज्य संस्थेचं, दोन्ही कार्यालयं वडाळ्याच्या ॲकवर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारात आहेत. शेजार असला तरी खाती आणि हिशेब मात्र वेगळे.

जिनिव्हातही तेव्हा मांडणी बदलत होती. जागतिक आरोग्य संघटनेचा स्वतंत्र एड्स कार्यक्रम बंद करून 1996 मध्ये सहा संस्थांचा मिळून यूएनएड्स हा संयुक्त राष्ट्रांचा एकत्रित एड्स कार्यक्रम सुरू झाला. पुढे 2002 मध्ये एड्स, क्षयरोग आणि मलेरियासाठी देशांना पैसा देणारा ग्लोबल फंड आला, 2003 मध्ये गेट्स फाउंडेशनचा एचआयव्ही प्रतिबंधाचा ‘आवाहन’ प्रकल्प. त्याच्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता. अमेरिकी निधीवरचा ‘ॲव्हर्ट’ प्रकल्पही राज्यात काम करत होता.

अशा गर्दीत गोंधळ व्हायचा तो नोंदवहीत. कामाठीपुऱ्यात एका संस्थेच्या यादीत असलेली देहविक्रय करणारी बाई मुक्काम हलवून ठाण्याच्या बाजूला गेली की दुसऱ्या संस्थेच्या यादीत नव्या कोडने येई. दोन्ही संस्थांनी त्याच बाईपर्यंत ‘पोहोचलो’ असं दाखवलं की उद्दिष्ट पूर्ण झाल्यासारखं दिसे आणि वस्तीतल्या नव्या बायका सुटून जात. वर हिशेबाचं वर्षही सगळ्यांचं एक नव्हतं: सरकारचं एप्रिल ते मार्च, अमेरिकी सरकारचं ऑक्टोबर ते सप्टेंबर, संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांचं जानेवारी ते डिसेंबर. वाटलेल्या कंडोमचा एकच आकडा तीन ठिकाणी तीन रीतींनी कापून भरावा लागे. यात समन्वय अधिकाऱ्याचे जितके दिवस जात, तितके वस्तीत गेले असते तर बरं.

25 एप्रिल 2004 रोजी वॉशिंग्टनमध्ये देणगीदारांनी तीन गोष्टी एकच ठेवायचं मान्य केलं: एक कृती आराखडा, एक राष्ट्रीय समन्वय यंत्रणा, एक देखरेख पद्धत. त्याच महिन्याच्या 1 तारखेला भारतात मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्हीला आवर घालणारी औषधं देणं, सुरू झाली होती. पहिल्या केंद्रांत मुंबईचं जे. जे. रुग्णालय होतं. 2001 मध्ये मुंबईच्याच सिप्लाने तीन औषधांचा वर्षाचा कोर्स 350 डॉलरला देऊ केला नसता, तर हा निर्णय सरकारच्या आवाक्यात आलाच नसता.

तिसऱ्या टप्प्यात, 2007 पासून, जागतिक बँक आणि ब्रिटिश मदत विभाग यांचा पैसा सरकारी पैशात मिसळून एकत्रित निधी झाला. ग्लोबल फंड, अमेरिका आणि गेट्स यांनी आपापला पैसा वेगळाच ठेवला. आराखडा मात्र एकच धरायचा, असं ठरलं. खरी कसोटी लागली ‘आवाहन’चे प्रकल्प सरकारकडे सोपवताना, 2009 ते 2012 या काळात. प्रकल्पातले मानधनाचे दर सरकारी मानकांपेक्षा चढे होते. हस्तांतरणाच्या दिवशीच दर उतरवले तर अनुभवी पिअर एज्युकेटर, म्हणजे वस्तीतल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्या, सोडून जाणार, हे उघड होतं. म्हणून मानधन, नोंदवह्या आणि कर्मचाऱ्यांची संख्या आधीपासूनच नॅकोच्या मापात आणायची, अशी तयारी ठेवली गेली. जिथे ही तयारी अपुरी पडते, तिथे पहिला हप्ता उशिरा आला तरी वस्तीतली भेट तुटते.

2021 ते 2026 या काळासाठीचा पाचवा टप्पा 15,471.94 कोटी रुपयांचा, आणि तो संपूर्ण केंद्राच्या खर्चाचा. तरी प्रश्न संपलेले नाहीत. 2022 मध्ये औषधखरेदी रखडली आणि एचआयव्हीसह जगणाऱ्या लोकांना दिल्लीत नॅकोच्या दारात धरणं धरावं लागलं. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेने मदत गोठवली, तेव्हा कल्याण, पुणे आणि हैदराबाद इथले पारलिंगी व्यक्तींसाठीचे ‘मित्र’ दवाखाने बंद पडले. आराखड्यात नाव असणं वेगळं आणि पगार कोणाच्या खात्यातून निघतो हे वेगळं. कुठलाही करार करताना दुसरं आधी विचारायला हवं.