प्रायमर बसवून आलेल्या सेकंडहँड रायफल पुंगळ्या

रायफलचं काडतूस म्हणजे चार वस्तू: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला, टोला बसला की आग लावणारा प्रायमर, आतली दारू आणि पुढची गोळी. फायर झालं की गोळी जाते, दारू जळते, प्रायमर मरतो आणि पुंगळी मात्र जवळपास तशीच हातात राहते, आणि चौघांत सगळ्यात महाग सहसा तीच असते. म्हणून अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत शूटर लोक घरच्या टेबलावर तीच पुंगळी परत भरतात, याला रिलोडिंग किंवा हँडलोडिंग म्हणतात. जुन्या पुंगळ्यांचा तिकडे मोठा सेकंडहँड बाजार आहे, आणि त्यातल्या काही लॉटमध्ये मेलेला प्रायमर काढून नवा जिवंत प्रायमर आधीच कोणीतरी बसवलेला असतो. ही नोंद त्या मालाबद्दल आहे.

नाशिकमध्ये हा विषय निघतो तो बहुतेक दोन घरांत, एक देवळालीकडचे निवृत्त फौजी आणि दुसरे ज्यांचा भाऊ किंवा मेव्हणा टेक्सास-ओहायोकडे सेटल होऊन शनिवार-रविवार रेंजवर जातो ते. इथे भारतात हे घरगुती काम नाहीच, ते का हे खाली येईल.

असा माल बाजारात येतो कुठून? एक तर एखादा म्हातारा हँडलोडर वारला की घरचे लोक त्याचं सगळं टेबल, डबे-बाटल्यांसकट विकून टाकतात, त्यात निम्मं काम झालेल्या पुंगळ्या असतातच. दुसरं म्हणजे कोणी रायफल बदलली, कॅलिबर (काडतुसाचं माप) सोडलं, तयार करून ठेवलेला माल तसाच राहिला. तिसरा प्रकार सरकारी सरप्लसचा, फौजी काडतुसं उघडून गोळी आणि दारू वेगळी काढतात आणि प्रायमरसकट पुंगळी उरते, ही मात्र कधी फायर झालेलीच नसते, त्यामुळे तिन्हीत बरी. २०२० नंतर दोनेक वर्षं अमेरिकेत प्रायमरचा इतका दुष्काळ पडला की लोक पुंगळीसाठी नाही तर त्यात बसलेल्या प्रायमरसाठी असले लॉट उचलत होते.

आता खरी गोम अशी की प्रायमर एकदा बसला की तो कोणता ते कळत नाही. साइज डोळ्याला दिसते, स्मॉल रायफल साधारण ४.४५ मिमी आणि लार्ज रायफल ५.३३ मिमी व्यासाचा, त्यामुळे .२२३ ला स्मॉल आणि .३०-०६ ला लार्ज एवढं लगेच जुळतं, जरी ६.५ क्रीडमूरसारख्या कॅलिबरच्या पुंगळ्या दोन्ही प्रकारात मिळत असल्या तरी. पण स्टँडर्ड की मॅग्नम? मॅग्नम प्रायमरचा भडका जास्त गरम आणि मोठा, तीच दारू तेवढीच घातली तरी प्रेशर वेगळं येतं, आणि बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. स्मॉलमध्ये तर अजून घोळ, कारण स्मॉल पिस्तूल आणि स्मॉल रायफल प्रायमर मापाला एकच, फरक वरच्या टोपीच्या पत्र्याच्या जाडीचा, म्हणजे पिस्तुलाचा पातळ पत्रा कोणी रायफलच्या पुंगळीत ठोकला असेल तर बघून ओळखू येणारच नाही आणि रायफलच्या प्रेशरला तो फाटू शकतो. काही लोक रंगावरून सांगतात, चंदेरी म्हणजे अमुक कंपनी, पिवळा म्हणजे तमुक, तो निव्वळ अंदाज आहे, कंपन्या रंग बदलतात. विकणारा म्हणतो “सगळे एकाच डब्यातले आहेत”, म्हणू दे. डबा दाखवला, त्यावरचा लॉट नंबर दाखवला तर गोष्ट वेगळी, तरी डबा आणि पुंगळ्या एकमेकांचे आहेत हे त्याच्या शब्दावरच मानायचं.

लष्करी पद्धतीच्या सेमी-ऑटो रायफलींमध्ये याची किंमत जास्त मोजावी लागते, कारण तिथे काडतूस आत ढकलणारा बोल्ट पुढे आदळताना फायरिंग पिन प्रायमरला हलकासा टेकतो आणि प्रायमरचा पत्रा मऊ असेल किंवा तो पुंगळीच्या बुडापेक्षा जरा वर राहिला असेल तर चाप न ओढताच काडतूस उडू शकतं. म्हणून तसल्या रायफलींसाठी कडक पत्र्याचे वेगळे प्रायमर मिळतात. अनोळखी लॉटमध्ये निदान एवढं तरी करता येतं की सपाट टेबलावर पुंगळी उभी ठेवायची, डुगडुगली तर प्रायमर वर आहे.

दुसरा त्रास असा की जे तपासायचं असतं नेमकं त्याच्यावरच बूच बसलेलं असतं. वापरलेल्या पुंगळीची प्रायमरची खोबण सैल झालीय का हे नवा प्रायमर दाबताना हाताला कळतं, इथे ते दाबणं दुसऱ्याच्या हाताने झालेलं. प्रायमरची आग दारूपर्यंत नेणारं मधलं भोक साफ आहे का तेही दिसत नाही. पुंगळी किती वेळा उडालीय हे तर विकणाऱ्यालाही आठवत नसतं. बुडाच्या जरा वर बाहेरून चकचकीत रेघ दिसली तर आतला पत्रा ताणून पातळ झालाय आणि पुढच्या फायरला पुंगळीचे दोन तुकडे व्हायची शक्यता आहे, हे तेवढं प्रायमर असतानाही तपासता येतं, टोक वाकवलेली बारीक तार तोंडातून घालून कडेच्या भिंतीवर फिरवायची, खाच लागते का बघायची, तळाला टोचायचं नाही.

आणि समजा माल चांगला निघाला, तरी दुसऱ्याच्या रायफलीत फुललेली पुंगळी आपल्या चेंबरला, म्हणजे रायफलीतल्या काडतूस बसायच्या जागेला, बसेलच असं नाही, म्हणजे ती दाबून परत मापात आणणाऱ्या साइझिंग डायमधून काढणं आलं. नेहमीच्या डायच्या मधोमध जुना प्रायमर ढकलून काढणारी पिन असते. प्रायमर लावलेली पुंगळी घेतली आणि ती पिन काढायला विसरलात तर ती थेट जिवंत प्रायमरच्या पोटात जाते. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते लांबी कापायच्या साध्या हत्याराचं, ली कंपनीच्या ट्रिमरच्या गेजलाही टोकाला एक बारीक पिन असते जी मधल्या भोकातून आरपार जाऊन खाली टेकायची असते, म्हणजे इथेही तेच. शिवाय डायसाठी लावलेलं वंगण पुसायला पुंगळ्या पाण्यात घोळवता येत नाहीत, प्रायमर भिजतील. एकूण काय, पुंगळी तयार मिळाली म्हणून जे काम वाचतं त्याच्यापेक्षा जास्त वाढतं.

प्रायमर काढूनच टाकायचे ठरवले तर लोक तेल किंवा पाण्यात पुंगळ्या बुडवून “मारतात”, याच्यावर भरवसा नाही, वाळले की त्यातले बरेच उडतात. जिथे कायद्याने चालतं तिथे अनुभवी लोक दारू-गोळी नसलेली ती पुंगळी तशीच रायफलीत घालून रेंजवर नुसता प्रायमर उडवतात आणि मग मेलेला प्रायमर नेहमीसारखा काढतात. वेळखाऊ आहे पण यात कसलाच अंदाज बांधावा लागत नाही. आजच्या बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं, हात धुवायचे, शेजारी चहा ठेवायचा नाही.

जुन्या फौजी मालाची तऱ्हा वेगळीच. जुन्या ब्रिटिश फौजी रायफलीच्या .३०३ पुंगळ्या, ज्यात १८६९ साली सुरू झालेल्या आपल्या खडकीच्या कारखान्याचा ‘केएफ’ शिक्का असलेल्याही येतात, त्या बर्डन पद्धतीच्या, म्हणजे आत एकाऐवजी दोन बारीक भोकं आणि नेहमीच्या पिनने प्रायमर निघतच नाही, पिनच मोडते. गंमत म्हणजे बर्डन हा अमेरिकन आणि त्याची पद्धत युरोपात चालली, नेहमीची एका भोकाची पद्धत ज्याची तो बॉक्सर इंग्रज आणि त्याची अमेरिकेत. जुन्या प्रायमरमधल्या क्लोरेटमुळे नळीत मिठासारखा क्षार राहतो, तो ओल ओढतो आणि नळी गंजते, आणि पारावाले प्रायमर असतील तर पितळच ठिसूळ होतं.

पितळाचं म्हणाल तर ते नाशिककरांना शिकवायला नको. काडतुसाचं पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, ठोकलं की कडक होतं आणि तापवलं की परत नरम, तांबट आळीत हंडा ठोकता ठोकता मध्येच भट्टीत घालतात ते याचसाठी. रिलोडर पुंगळीची फक्त मान, म्हणजे गोळी धरणारं तोंडाकडचं टोक, तापवतो, बूड कधीच नाही, कारण नरम बूड प्रेशर झेलत नाही. आणि प्रायमर लावलेल्या पुंगळीला आच दाखवायचीच नाही, म्हणजे मान कडक होऊन चिरायला आलेली असेल तरी इलाज करता येत नाही. पितळाचा दुसरा वैरी अमोनिया. ब्रिटिश काळात हिंदुस्तानातल्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली असायची आणि त्यांना आपोआप चिरा पडायच्या, घोड्यांच्या मुताचा अमोनिया आणि दमट हवा हे कारण १९२१ मध्ये नीट उलगडलं. म्हणून अमोनियावालं पॉलिश पुंगळ्यांना लावत नाहीत, मग भांड्यांवर ते कितीही चमकत असो. चिंच-लिंबाने घासून लालसर झालेली पुंगळी दिसली तरी सावध, जास्त वेळ आंबटात राहिलं की वरवरचं जस्त निघून जातं.

कायद्याकडे येऊ. अमेरिकेत स्वतःसाठी भरायला केंद्राचं लायसन्स लागत नाही, विकायला लागतं. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने सुटा प्रायमर आणि प्रायमर बसवलेली रिकामी पुंगळी दोन्ही एका पारड्यात टाकली, घेताना सर्टिफिकेट दाखवावं लागतं. वाहतुकीतही हा माल स्फोटकांत मोडतो, त्याला यूएन ००५५ असा स्वतंत्र नंबर आहे, साध्या पितळासारखा पार्सलने पाठवता येत नाही, आणि विकणारे लोक नेमकं हेच विसरतात.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंही येतात, आणि बनवायला कलम ५ खाली लायसन्स लागतं. म्हणजे शस्त्र परवाना आहे म्हणून घरी रिलोडिंगचं यंत्र (प्रेस) आणून भरायला बसलो असं चालत नाही. .२२ वर प्रॅक्टिस करणाऱ्या पोरांचा तसाही इथे संबंध येत नाही, .२२ ची आग लावणारी दारू पुंगळीच्या काठात भरलेली असते, वेगळा प्रायमर नसतोच, परत भरायची सोय नाही. एनसीसीत फायरिंग केलेल्या कोणालाही आठवेल की शेवटी पुंगळ्या मोजतात आणि एक कमी भरली तर सगळी तुकडी गवतात शोधत बसते. मेव्हण्याने कौतुकाने दिलेली “रिकामीच तर आहे” पुंगळी बॅगेत टाकून मुंबईला उतरलात तर तिथे कौतुक नाही, चौकशी होते, आणि बुडात जिवंत प्रायमर असेल तर ती रिकामी आहे हे सांगायलाही तोंड राहत नाही.