उदरभित्तीचे नर्व्ह ब्लॉक

पोटावरील शस्त्रक्रियेनंतर छेदाच्या जागी होणारी वेदना कमी करण्यासाठी पोटाच्या भिंतीतील मज्जातंतूंच्या वाटेवर स्थानिक भुलीचे औषध सोडण्याची पद्धत. त्यामुळे छेदाभोवतीची त्वचा आणि स्नायू काही तास बधिर राहतात.

पोटाच्या भिंतीला वक्षीय सहाव्या ते बाराव्या आणि पहिल्या कटी मज्जातंतूच्या शाखा संवेदना पुरवतात. कुशीला स्नायूंचे तीन थर असतात. त्यांतील मधल्या आणि सर्वांत आतल्या थरांमधल्या फटीतून या शाखा पुढे येतात. ‘टॅप ब्लॉक’ (ट्रान्सव्हर्सस अॅब्डोमिनिस प्लेन, म्हणजे सर्वांत आतल्या स्नायूलगतच्या फटीतला ब्लॉक) याच फटीत देतात. येथे एकेक मज्जातंतू शोधावा लागत नाही. जागा अचूक साधली की औषध आपोआप पसरते. म्हणून औषध सौम्य, पण भरपूर लागते : प्रौढांमध्ये साधारणपणे प्रत्येक बाजूला १५ ते २० मिलिलिटर बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन हे स्थानिक भुलीचे औषध.

भूलतज्ज्ञ ए. एन. रफी यांनी २००१ मध्ये टॅप ब्लॉकची पद्धत मांडली, तेव्हा कमरेजवळच्या पेटिट त्रिकोणातून सुई घालून, थर भेदल्याचा हाताला जाणवणारा झटका हीच खूण मानत. आता भूलतज्ज्ञ सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचे टोक आणि औषधाने विलग होणारे थर प्रत्यक्ष पाहतात. आतडे किंवा यकृताला सुई लागण्याचा धोका त्यामुळे घटतो. मध्यरेषेवरील छेदासाठी रेक्टस शीथ ब्लॉक (पोटाच्या पुढच्या उभ्या स्नायूच्या आवरणात दिलेला), जांघेतील हर्नियासाठी इलिओइंग्वायनल ब्लॉक असे पर्यायही आहेत.

मात्र टॅप ब्लॉक भिंत बधिर करतो, आतले अवयव नव्हे. आतडे, गर्भाशय यांची खोल, कळ येणारी वेदना वेगळ्या मज्जातंतूंनी जाते आणि ती तशीच उरते. ‘ब्लॉक देऊनही दुखते’ या तक्रारीचे हे एक मोठे कारण आहे; रुग्णाला ते आधी सांगणे बरे. म्हणून जोडीला पॅरासिटामॉल आणि चालत असल्यास दाहशामक औषध नियमित देतात. मॉर्फिनसारख्या औषधांची गरज, पर्यायाने गुंगी, मळमळ आणि आतड्यांची मंदावलेली हालचाल कमी करणे हा खरा हेतू. सिझेरियनमध्ये कण्यातील भुलीबरोबर मॉर्फिन दिले असेल, तर टॅप ब्लॉकने फारशी भर पडत नाही.

एपिड्युरलने (पाठीतून मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर दिलेल्या भुलीने) अवयवांची वेदनाही बरीच आटोक्यात येते, पण रक्तदाब उतरणे, लघवी अडणे, पाय जड होणे हे त्रास संभवतात. शिवाय रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास ते धोक्याचे ठरू शकते. अशा रुग्णांत भिंतीचा ब्लॉक अधिक सोयीचा.

एकाच इंजेक्शनचा परिणाम बहुधा अर्ध्या दिवसाच्या आसपास ओसरतो आणि वेदना एकदम जाणवते. म्हणून गोळ्या त्याआधीच सुरू करतात. मोठ्या शस्त्रक्रियेत फटीत बारीक नळी ठेवून औषध पुढेही देता येते. दोन्ही बाजू मिळून मात्रा वजनानुसार मोजावीच लागते, कारण ती ओलांडली किंवा औषध रक्तवाहिनीत गेले तर ओठांभोवती मुंग्या, कानात आवाज, झटके आणि हृदयाची लय बिघडणे असे विषारी परिणाम होतात. त्यावर २० टक्के लिपिड इमल्शन (स्निग्ध पदार्थाचे दुधाळ द्रावण) शिरेतून देतात आणि ब्लॉक देण्याच्या ठिकाणी ते हाताशी ठेवलेले असावे लागते.